गेज माझ्याकडे होतं

दादा, तुला शिव्या घालायला बसलेय. रडून झालं. काल तुझा तेरावा झाला, पाहुणे जेवून आपापल्या गाड्यांना लागले, वहिनी आतल्या खोलीत पडलीय, आणि मी रोह्याच्या तुझ्या घराच्या ओटीवर एकटी आहे. तू असतास तर समोर बसून तंबाखू मळत म्हणाला असतास, "बोल गो नंदे, काय बोलायचंय ते बोल, पन आवाज कमी कर." नाही करणार आवाज कमी. मेलास म्हणून सुटलास असं समजू नकोस.

लोकांना एवढंच ठाऊक होतं. शेडमध्ये टँकरची नवी टाकी होती, तू तिच्यात हवा भरत होतास, टाकी फाटली आणि तू जागच्या जागी गेलास. टाकीला प्रेशरचं गेज लावलेलं नव्हतं. आता जन्मभर टाक्या बांधणारा माणूस गेज न लावता हवा भरतो, म्हणजे त्याला काय म्हणायचं? येडाच म्हणायचं. तुझ्या तिरडीच्या मागं चालणारे म्हणत होते, मी माझ्या कानांनी ऐकलं.

गेज माझ्या पर्समध्ये होतं. मीच ते टाकीवरून काढून घेऊन गेले होते. हे तुला ठाऊक होतं आणि मला. तू गेलास, मग मला एकटीलाच ठाऊक राहिलं, आणि मी दहा दिवस तोंड मिटून बसले.

थांब, असं मधूनच नको. आबांपासून सांगते. तुला पाठ आहे सगळं, तरी ऐक.

आपले आबा पेणच्या बाजारात पत्र्याचे डबे करायचे. रॉकेलचे डबे, तेलाचे पिंप, दुधाच्या किटल्या. कोळशाच्या शेगडीवर डागणी तापवून कथलाचे डाग द्यायचे. रोह्याला केमिकलच्या कंपन्या आल्या, तेव्हा त्यांनी वेल्डिंग शिकून घेतलं आणि नदीच्या अलीकडे शेड टाकली. पण बोलणं डबेवाल्याचंच राहिलं. सगळे जॉइंट म्हणायचे, आबा शेवटपर्यंत शिवण म्हणायचे. टाकीला दोन शिवणी. पत्रा वाकवून नळकांडं केलं की त्याची उभी कड जोडायची ती लांब शिवण, आणि दोन्ही टोकांना फुगीर झाकणं लावायची ती गोल शिवण.

"दाब सगळीकडं सारखाच ढकलतो," आबा सांगायचे, "पन सोसायला सारखं नाय लागत. गोल शिवनीपेक्षा लांब शिवनीवर दुप्पट ताण. पोपटीतली वालाची शेंग बघा. कधी कमरेत तुटली काय? उभीच उकलते." हे ऐकताना आपण दोघं शेंगा भाजायच्या पोपटीच्या मडक्याभोवती बसलेलो असायचो, आणि तू माझ्या वाटणीच्या शेंगा पळवत असायचास.

आणि दुसरं, जे त्यांनी तुझ्या डोक्यात अक्षरशः मारून भरलं होतं. टाकी तपासायची ती पाण्यानं. तोंडापर्यंत पाणी भरायचं, आतली हवा सगळी जाऊ द्यायची, मग हातपंपानं दाब चढवायचा. पाणी दाबलं तरी आखडत नाही. शिवण फाटलीच तर पच्च करून पाणी उडतं आणि गेजचा काटा शून्यावर येतो. भिजतो आपण, बस. हवा आखडते. आखडून बसते आणि वाट बघते. शिवणीनं जरा तोंड उघडलं की आत कोंबलेली सगळी एका क्षणात बाहेर येते आणि वाटेत जे असेल ते फाडून नेते. एकदा तू गंमत म्हणून सायकलच्या पंपानं बंद डब्यात हवा भरत होतास, तर आबांनी तुला पक्कड फेकून मारली. भुवईवर लागली. चार टाके पडले. टाके घालून आणल्यावर परत एक कानफटात. आपल्या घरात शिकवायची पद्धत तीच.

शेडमध्ये बाईमाणूस नको, असं आबांचं म्हणणं. तू त्यांच्याशी भांडलास माझ्यासाठी. "वेल्डिंग नाय शिकवायचं तर नको, पन पंपावर बसवा तिला. तिची नजर काट्यावरनं हालत नाय. माझी हालते." हे तू स्वतः बोललास, दादा. तुझी नजर हलते हे तुला ठाऊक होतं. आबांनी हातातला हातोडा जमिनीवर आपटला आणि म्हणाले, बसव. तेव्हापासून तू जोडायचं आणि मी पंप मारायचा, काटा बघायचा आणि थांब म्हणायचं. लग्न होऊन पेणला गेले तरी सकाळची एसटी पकडून रोज येत राहिले. पेण, वडखळ, नागोठणे, खिंड, रोहा. आबा गेले, शेड तुझ्या नावावर झाली, तरी थांब म्हणायचं काम माझ्याकडेच होतं.

ती चेपलेली टाकी तुला आठवत असेलच. मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. शाळेच्या पाण्याची पातळ पत्र्याची उंच टाकी होती. टेस्ट झाली, मी खालचा कॉक पूर्ण उघडून दिला आणि वरचं झाकण घट्ट लावलेलं तसंच ठेवलं. पाणी भसाभस निघालं, आत हवा जायला वाट नाही. बाहेरच्या हवेनं दाबली ना टाकी! असा आवाज झाला की समोरच्या गॅरेजमधली माणसं धावत आली. पंधरा दिवसांचं काम चुरगळून पडलं. आबा आतून आले, रबरी पाइप हातात घेऊनच. "कुनी केलं?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "मी." चोवीस-पंचवीस वर्षांचा घोडा तू, पाठ वळवून उभा राहिलास, आणि त्यांनी तुला पाइप तुटेपर्यंत मारलं. मी बघत राहिले. बोलले नाही. संध्याकाळी तुझ्या पाठीला खोबरेल लावताना मी रडायला लागले तर तू ओरडलास, "हळू लाव गो, रडायचं ते नंतर रड." त्याबद्दल तुला कधी काही म्हणाले नाही मी. आता म्हणते. उपकार झाले तुझे. नऊ वेळा मारलं त्यांनी. मी मोजत होते.

पण म्हणून तू देव नव्हतास. चांगलाच हट्टी, घाईचा आणि वाईट सवयींचा माणूस होतास. टाकीवर दाब असताना शिवणीला कुठं घाम आला, म्हणजे बारीक छिद्रातून पाणी पाझरायला लागलं, तर नियम काय? दाब उतरव, पाणी काढ, ती जागा ग्राइंडरनं उकर, पुन्हा भर. तू काय करायचास? गोल डोक्याचा हातोडा घेऊन त्या जागी टकटक ठोकायचास. धातू पसरून छिद्र बुजायचं, पाझर थांबायचा, तू माझ्याकडे बघून दात काढायचास. "झाली की बंद." बंद नाही, झाकली. धक्के खात रस्त्यानं पळेल तेव्हा उघडणारच की ती! एकदा तर मी तुझ्या हातावर पान्हा मारला. हातोडा खाली पडला, तुझं बोट सुजलं, तू मला ढकललंस आणि मी गुडघ्यावर पडले. शौकतभाई, तो आपला पत्रे कापणारा कटर, गल्फमध्ये बारा वर्षं काढून आलेला सभ्य माणूस, मध्ये पडला आणि म्हणाला, "अरे तुमी भावंडं हाव का दुश्मन?" आपण दोघंही हसलो. शिवण मात्र तू उकरलीस. दर वेळी उकरायचासच, पण आधी माझ्याशी भांडून.

आणि भांडणाचीही आपली एक रीत होती. जास्त झालं की मी पर्स उचलायची आणि रोहा स्टँडवर जाऊन पेणच्या फलाटावर बसायची. अर्ध्या तासात तू मोटारसायकल घेऊन यायचास. कागदात गुंडाळलेला वडा माझ्या पुढं धरायचास, एक अक्षर बोलायचा नाहीस. मी खायची, मागं बसायची, शेडवर परत. तीस वर्षांत ही रीत मोडली नव्हती.

आता त्या दिवसाचं.

मे संपत आला होता. बोअरला पाणी नाही, टँकरवाला सांगतो, ताई, सगळे टँकर खारेपाटातल्या गावांना लावलेत, परवा बघू. टाकी भरायला पाणीच नाही. कंपनीला तू शब्द देऊन बसलेला, आज संध्याकाळी टाकी नेऊ शकता. मी सकाळी येऊन बघते तर शेडमध्ये जोह्याच्या बाळ्याचा कंप्रेसर. बाळ्या आपला मावसभाऊ, गणपतीचा कारखाना त्याचा. मूर्तींना फवाऱ्यानं रंग मारायचा कंप्रेसर तू टेंपोत घालून आणला होतास. त्याच्या स्वतःच्या काट्यावर गुलाबी रंगाचा हा जाड थर, आत काय दिसतंय ते देवाला ठाऊक. दाब झाला की आपोआप बंद होणारं त्याचं बटण सारखं पडतं म्हणून कारागिरांनी ते तारेनं बांधून टाकलेलं.

"हे काय आणलंस?"

"हवा मारू. अर्ध्या किलोच्या दाबावर. साबनाचं पानी लावून गळती बघू, बस."

"पाणी नाय तर टेस्ट नाय."

"नंदे, शब्द दिलाय मी."

"तुझा शब्द गेला खड्ड्यात. अर्धा किलो म्हणशील, मग एक, मग म्हणशील होऊन जाऊ दे तीन. मी ओळखते तुला."

"तू पंप मारायला येतेस हितं. मालकी करायला नाय."

दादा, हे बोलायला नको होतंस. आत्ता बोलतानाही माझे कान तापलेत. मी पान्हा घेतला, टाकीवर चढले आणि गेज काढलं. दुसरं गेज कॅलिब्रेशनला, काटा तपासून घ्यायला, पाठवलेलं, शेडमध्ये हे एकच. काटा नाही तर करशील कशी टेस्ट? अक्कल माझी बघ. मला वाटलं मी तुला थांबवलं. तू माझं मनगट धरलंस, पिरगळलंस. मी त्याच गेजनं तुझ्या छातीवर मारलं. जोरात मारलं, तू मागं सरकलास. "जा," तू ओरडलास, "जा पेणला. परत तोंड दाखवू नकोस." आणि मी दारातून वळून म्हणाले, "मर मग."

हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. मर मग. शौकतभाई चहाला गेलेला, ऐकायलाही कुणी नव्हतं.

मी स्टँडवर जाऊन बसले, रोजच्या जागी. पेणची एक गाडी सोडली. दुसरी सोडली. गेटाकडे बघत होते. मोटारसायकलचा आवाज आला की मान वळवायची, तू नाहीस की पुन्हा सरळ करायची. मनात ठरवलं होतं, आज वड्यावर भागायचं नाही, आज तोंडानं माफी मागायला लावायची. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. मग माझं डोकं परत फिरलं. नाही येत तर नको येऊ म्हटलं, आणि तिसऱ्या गाडीत चढले. नागोठण्याच्या स्टँडात गाडी थांबली तेव्हा फोन वाजला. शौकतभाईचा. तो माणूस माझं नाव घेत होता आणि पुढचं त्याला बोलता येत नव्हतं.

तू त्या पाऊण तासात काय करत होतास ते मला त्यानंच नंतर सांगितलं. तू शेडच्या दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसला होतास. तो म्हणाला, जायचं का ताईला आणायला? तू म्हणालास, "दर वेळी मीच का जायचं? या वेळी येऊ दे तिला. येईल. थांबू अर्धा तास."

ऐकतोयस ना? तू शेडवर थांबला होतास आणि मी स्टँडवर थांबले होते. दीड-दोन किलोमीटरचं अंतर. चालत वीस-पंचवीस मिनिटं. त्या दिवसापासून रोज मी ते चालते, डोक्यात, दोन्ही बाजूंनी.

मग बाळ्याचा फोन आला म्हणे, कारागीर बसून हायत, कंप्रेसर पाठव. तू खुर्चीतून उठलास. गेजच्या जागी बूच लावलंस. तू मला न विचारता काटा न बघता हवा सोडलीस आणि आबांसारखं बोटाच्या पेरानं पत्र्यावर वाजवून बघत राहिलास. आबा वाजवून ओळखायचे, पण ते पाण्यानं भरलेल्या टाकीला! हवेनं भरलेल्या टाकीला वाजवून काय कळणार होतं तुला? अरे मूर्खा, फेकून द्यायचास ना तो कंप्रेसर नदीत! दिलेला शब्द मोडला असता तर काय झालं असतं? कंपनीचा माणूस चार शब्द बोलला असता. तुझ्या पोरीला, सायलीला, बाप असता.

साबणाचा ब्रश घेऊन तू लांब शिवणीवर वाकला होतास, बुडबुडा शोधत. शौकतभाई भिंतीपलीकडे पत्रा कापत होता. शिवण टाकीत उतरायच्या मॅनहोलपासून उकलत निघाली आणि टोकापर्यंत गेली, उभी, आबांनी सांगितली होती तशीच. एका बाजूचं झाकण छपराचा पत्रा फाडून पलीकडच्या शेतात पडलं. टाकीचा पत्रा सपाट उघडला. तुला त्यानं उचलून पत्रा वाकवायच्या रोलिंग मशीनवर आपटलं. आजूबाजूच्या शेडमधल्या काचा फुटल्या. मी पोचले तेव्हा त्यांनी तुला झाकलं होतं. मी चादर ओढली. दोघातिघांनी धरलं मला, मी एकाच्या हाताला चावले आणि चादर ओढलीच. तुझं तोंड कुठल्या बाजूला आहे ते मला पटकन कळलं नाही. भुवईवरच्या त्या चार टाक्यांवरून कळलं.

नंतर मी ती शिवण बघितली. सवय आहे ना. शिवण तुझीच, तुझ्या हातची. एका ठिकाणी, बोटभर लांबीत, आतून धातू नीट भिनलाच नव्हता. चकचकीत कड तशीच दिसत होती. पाण्यानं ती शंभर टक्के सापडली असती. पच्च झालं असतं. मी ओरडले असते, तू माझ्या सात पिढ्या काढल्या असत्यास, म्हणजे तुझ्याही, मग ग्राइंडर लावून उकरली असतीस. उशीर झाला असता दोन दिवस.

चौकशीचे साहेब त्याच संध्याकाळी आले. वयस्क, शांत माणूस. त्यांनी विचारलं, "प्रेशर गेज कुठंय?" माझी पर्स माझ्या खांद्यावर. तिच्या ओझ्यानं खांदा दुखत होता. मी म्हणाले, "माहीत नाही. कॅलिब्रेशनला गेलं असेल." त्यांनी लिहून घेतलं. कच्च्या कागदावर त्यांचं अक्षर मला वाचता आलं. मयत इसमाने गेज न लावता, स्वतःच्या निष्काळजीपणाने. मी खाली सही केली. चेपलेल्या टाकीच्या वेळी बोलले नाही ते एक, आणि हे दुसरं. तेव्हा तू तरी होतास, 'मी केलं' म्हणायला.

नऊ दिवस माणसं येत होती आणि सगळ्यांच्या तोंडी तेच. एवढा हुशार माणूस, असं कसं केलं. नशीब. गेज लावायला काय झालं होतं. जरा डोकं चालवायचं. शेजारचा तो तोंडाळ मिस्त्री, तू ज्याला वेल्डिंगचा पहिला टाका मारायला शिकवलंस तो, अंगणात उभा राहून सांगत होता की मी तर गेजशिवाय पंपाला हात लावत नाय. मी स्वयंपाकघरात ऐकत होते. बाहेर जाऊन त्याच्या थोबाडीत मारावी असं वाटायचं, आणि पाय उचलत नव्हते, कारण त्याचं चुकत कुठं होतं? त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं तो बोलत होता.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मी आणि वहिनी मागच्या पडवीत वाल सोलत होतो. वहिनी एकाएकी म्हणाली, "नंदा, खरं सांग. तू त्यांच्याबरोबर काम केलंस. ते येडे होते का गो?"

"नाय."

"मग असं का केलं त्यांनी? मला रात्रंदिवस तेच. माझा नवरा दारू पीत नव्हता, जुगार खेळत नव्हता. येडा होता काय? पोरीला काय सांगू, तुझा बाप येडेपणानं मेला?"

मी सांगितलं. गेज काढलं ते, मनगट, छातीवर मारलं ते, मर मग म्हणाले ते, स्टँडवर बसले ते. आत जाऊन पर्स आणली आणि गेज तिच्या पुढं ठेवलं.

तिनं आधी गेजकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग परात उलटली आणि ती माझ्या अंगावर आली. तुझी बायको, जिनं आयुष्यात आवाज चढवला नाही, तिनं माझ्या तोंडावर मारलं, ओठ फुटला. केस धरून खाली पाडलं आणि मारत राहिली, हातानं, कोपरानं, जे लागेल त्यानं. मी हात वर केला नाही. तूही केला नव्हतास, आबांपुढं. सायली धावत आली तर तिला म्हणाले, थांब, मारू दे. वहिनीचा दम संपला तेव्हा ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "धा दिवस? धा दिवस तू माझ्या हातचं खाल्लंस? माझ्या नवऱ्याला येडं म्हनत व्हते आन् तू बसून ऐकलंस?"

"व्हय."

"का?"

"भ्याले."

सायली खाली सांडलेले वाल गोळा करत होती. मग वहिनी म्हणाली, "ऊठ. तोंड धू. त्या साहेबाला फोन लाव. माझ्यासमोर लाव."

साहेब दुसऱ्या दिवशी आले. मी गेज टेबलावर ठेवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही आधी खोटं सांगितलंत, हे तुमच्यावर येऊ शकतं. समजतंय ना?" मी म्हणाले, समजतंय, लिहा. कंप्रेसरचं बांधलेलं बटणही सांगितलं, बोटभर न भिनलेली शिवणही सांगितली. तुझी बाजू घ्यायला म्हणून काही गाळलं नाही, दादा. हवा मारलीस ती तुझी चूक, तू माझ्याशी भांडून केलीस, ती तुझ्याच नावावर राहील. पण काटा न बघता मारलीस ती माझ्यामुळं. ते माझ्या नावावर. त्यांनी आधीची ओळ खोडली आणि नवीन लिहिली. मी दोनदा वाचली, मग सही केली. पुढं काय होईल ते होईल.

वहिनी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, समोर ठेवते, निघून जाते. मी जेवते. ती बोलेल असं मला वाटत नाही, आणि मी तिला बोल म्हणणारही नाही. शेड बंद आहे. शौकतभाई रोज सकाळी जाऊन कुलूप बघून येतो. विचारतो, ताई, पुढं काय? मला ठाऊक नाही. मला तर अजून एवढंही कळत नाही की मी तुझ्यावर रागावलेय की माझ्यावर. दोन्ही एकाच वेळी उसळतं आणि मग मी असं काहीतरी जोरात आपटते. परवा कपडे धुवायचं धोपाटणं मोडलं.

आता कालचं सांगते आणि उठते. तेराव्याच्या पंगतीत मी वाढत होते. वहिनीचे थोरले भाऊ पानावर बसलेले, शेजारच्याला सांगत होते, मुद्दाम नव्हे, आपलं हळहळून, "भावोजी मानूस सोन्यासारखा. पन त्या दिवशी जरा डोकं वापरलं असतं, ते गेज का काय ते लावलं असतं..." तुझी सायली पाण्याचा जग घेऊन उभी होती. ती वळली. तुझाच आवाज तिचा, पंगतभर ऐकू गेला.

"माझे पप्पा येडे नव्हते मामा. गेज आत्यानं नेलं होतं."

सगळ्यांचे हात थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाताचं पातेलं माझ्या हातात होतं. मामांनी विचारलं, "व्हय काय गो, नंदा?"

मी म्हणाले, "व्हय. मीच नेलं होतं."